कृष्णकर्क : शस्त्रक्रियेतील विभेदक निदानाचा इतिहास

त्वचेला रंग देणारे मेलॅनीन तयार करणाऱ्या कोशिकांपासून उद्‌भवणाऱ्या मारक अर्बुदास कृष्णकर्क किंवा मेलॅनोमा म्हणतात. तीळ, चामखीळ, रंगीत तलकोशिका कर्क, नखाखाली साकळलेले रक्त इत्यादी विकृती त्याच्यासारख्या दिसतात; उलट, रंगहीन कृष्णकर्क साध्या व्रणासारखा दिसतो. ओळख चुकल्यास निरुपद्रवी डागासाठी रुग्णाचे बोट जाते किंवा मारक अर्बुद अर्धवट काढले जाऊन लसीका ग्रंथींत पसरते.

लंडनचे शस्त्रवैद्य जॉन हंटर (१७२८–९३) यांनी १७८७ मध्ये एका रुग्णाच्या जबड्याजवळील गाठ काढून जतन केली. तिचे खरे स्वरूप त्यांना कळले नव्हते. १९६८ मध्ये सूक्ष्मदर्शकीय तपासणीत ती कृष्णकर्काची ठरली. फ्रेंच वैद्य रने लाएनेक यांनी १८०४ मध्ये हा काळा रोग फुप्फुसातील कोळशाच्या काळ्या साठ्यापासून वेगळा असल्याचे दाखविले. विल्यम सॅम्पसन हँड्ली यांनी १९०७ मध्ये अर्बुदाभोवतालची त्वचा व खालील ऊतक विस्तृतपणे काढावे, असे प्रतिपादन केले. एका मृतदेहाच्या तपासणीवर आधारलेले हे मत पुढे अर्धशतकाहून अधिक काळ प्रमाण मानले गेले, ही नवलाची गोष्ट होय. शस्त्रक्रिया एवढी मोठी असल्याने निदानातील चूकही तितकीच महाग पडे. सोफी स्पिट्झ यांनी १९४८ मध्ये मुलांतील ज्या अर्बुदांचे वर्णन केले, ती बहुधा साधी असतात, हे नंतर स्पष्ट झाले.

वॉलेस क्लार्क यांनी १९६९ मध्ये अर्बुद त्वचेच्या कोणत्या थरापर्यंत पोहोचले आहे, त्यावरून पायऱ्या ठरविल्या. ॲलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये अर्बुदाची जाडी मिलिमीटरांत मोजण्याची पद्धत मांडली. त्यामुळे किती भाग कापावा, हे या मापावरून ठरू लागले : १ मिमी.पर्यंतच्या जाडीस सभोवतालची सु. १ सेंमी. आणि २ मिमी.हून अधिक जाडीस सु. २ सेंमी. त्वचा काढतात. साहजिकच नमुन्यात त्वचेची पूर्ण जाडी यावी लागते. डाग वरवर खरवडला किंवा चामखीळ समजून जाळला, तर हे माप कायमचे नष्ट होते. शस्त्रक्रिया चालू असताना घेतलेले गोठवलेले छेदही येथे फारसे विश्वसनीय नसतात, कारण बर्फस्फटिकांमुळे कोशिकांचे आकार बिघडतात. म्हणून मुख्य शस्त्रक्रियेपूर्वी जीवोतक परीक्षा करणे इष्ट ठरते.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात पुढे आला. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी १९४५ मध्ये सहकाऱ्यासह धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले. सततच्या घर्षणाने तेथील त्वचेचा रंग पालटतो, ती जाड होते व पुढे व्रण पडतो. परंतु हा शल्ककोशिका कर्क असून कृष्णकर्क नव्हे. रंगावरून अनुमान करणे किती फसवे असते, हे त्यावरून दिसते.

धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) जिल्ह्यातील परांडा व भूम हे तालुके शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीसह १९८७ मध्ये भारतातील पहिल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीखाली आले. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालय हे तिचे केंद्र होय. रुग्ण आपण होऊन येईल अशी वाट न पाहता कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांना रोगाची लक्षणे समजावून सांगत व संशयित रुग्णांना तपासणीसाठी पाठवीत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात या पद्धतीने लवकर निदानाचे प्रमाण वाढले. कृष्णकर्काची गोष्ट वेगळी आहे. भारतात त्याचे प्रमाण लाखात एकाहूनही कमी असल्याने ग्रामीण वैद्यास तो क्वचितच पाहावयास मिळतो, आणि क्वचित दिसणारा रोग सहज निसटतो.

शिवाय १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या त्वचारोगतज्ञांनी सुचविलेली असममिती, वेडीवाकडी कड, रंगवैविध्य व ६ मिमी.हून अधिक व्यास ही लक्षणे मुख्यत्वे गोऱ्या त्वचेवरून ठरलेली आहेत. सावळ्या त्वचेत कृष्णकर्क बहुधा तळपाय, तळहात वा नखाखाली उद्‌भवतो व त्याचा सूर्यप्रकाशाशी फारसा संबंध नसतो. शेतात अनवाणी वावरणाऱ्याच्या तळपायावरील काळा डाग काट्याची जखम किंवा कुरूप समजून ब्लेडने कापला जातो; कुष्ठरोगातील जुना व्रणही असाच घोटाळा निर्माण करतो. जपानी त्वचारोगतज्ञ तोशिआकी साइदा यांच्या अभ्यासामुळे येथे त्वचादर्शकाचा मोठा उपयोग झाला : तळव्यावरील रेषांच्या खाचांत रंग असल्यास डाग बहुधा साधा असतो, उंचवट्यांवर असल्यास कृष्णकर्काचा संशय घेऊन नमुना तपासतात. नखाखालील काळेपणा रक्ताचा असेल, तर तो नखाच्या वाढीबरोबर पुढे सरकतो. कृष्णकर्काचा पट्टा मुळाशी कायम राहतो आणि रुंद होत जातो.