सांत्वन स्पर्धा, फुटबॉल

बाद पद्धतीच्या मुख्य फुटबॉल स्पर्धेतून प्रारंभीच्या फेऱ्यांत पराभूत झालेल्या संघांसाठी घेतली जाणारी दुय्यम स्पर्धा. बाद पद्धतीत हरलेला संघ तत्काळ स्पर्धेबाहेर जातो. त्यामुळे सोळा संघांच्या स्पर्धेत पहिल्या फेरीअखेर आठ संघ प्रत्येकी एकच सामना खेळून परततात. दुरून आलेल्या संघाचा प्रवास व खर्च त्यामुळे वाया जातो आणि यजमानांनाही प्रेक्षक व उत्पन्न गमवावे लागते. ही उणीव भरून काढण्यासाठी सांत्वन स्पर्धेची योजना करण्यात येते. तिचा चषक मुख्य चषकाहून गौण मानला जातो. तथापि तिच्यातील काही सामन्यांना फुटबॉलच्या इतिहासात महत्त्वाचे स्थान मिळाले आहे.

ऑलिंपिकमधील स्पर्धा : या प्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिक क्रीडासामन्यांतील सांत्वन स्पर्धा होय. मुख्य स्पर्धेत अकरा राष्ट्रीय संघ होते. २९ व ३० जून रोजी झालेल्या पहिल्या दोन फेऱ्यांत त्यांपैकी सात संघ बाद झाले. हंगेरी, ऑस्ट्रिया, जर्मनी, इटली, रशिया, स्वीडन व नॉर्वे हे ते संघ होत. त्यांची स्वतंत्र स्पर्धा १ जुलैपासून सुरू झाली. हंगेरीला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली. उपांत्य सामन्यांत हंगेरीने जर्मनीचा ३–१ असा व ऑस्ट्रियाने इटलीचा ५–१ असा पराभव केला. ५ जुलैच्या अंतिम सामन्यात हंगेरीने ऑस्ट्रियावर ३–० असा विजय मिळविला.

या स्पर्धेतील १ जुलैचा जर्मनी–रशिया सामना विशेष उल्लेखनीय आहे. तो जर्मनीने १६–० असा जिंकला व त्यांपैकी दहा गोल एकट्या गॉटफ्रीट फुक्स याने केले. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या सोफुस नील्सेनने फ्रान्सविरुद्ध केलेल्या दहा गोलांशी त्याने बरोबरी साधली. हा जर्मनीचा आजवरचा सर्वांत मोठा विजय आहे. म्हणजेच हा उच्चांक मुख्य स्पर्धेत नव्हे, तर पराभूतांच्या स्पर्धेत प्रस्थापित झाला.

फुक्स हा कार्ल्सरूअ येथील ज्यू खेळाडू. तेथील संघाने १९१० मध्ये जर्मनीचे विजेतेपद पटकाविले, त्यात तो व त्याचा सहकारी यूल्यूस हिर्श हे दोघेही होते. हिर्शही १९१२ च्या ऑलिंपिक संघात होता. १९३३ मध्ये नाझी सत्तारूढ झाल्यावर क्रीडासंस्थांनी ज्यूंना वगळण्यास प्रारंभ केला. फुक्सने देशत्याग केला व अखेरीस तो कॅनडात स्थायिक झाला; हिर्शला १९४३ मध्ये आउश्वित्सच्या छळछावणीत पाठविण्यात आले व तो तेथून परतला नाही. जर्मनीचे माजी प्रशिक्षक सेप हेर्बेर्गर यांनी १९७२ मध्ये फुक्सला म्यूनिक येथील नव्या क्रीडागारातील सामन्यासाठी सन्मानाने निमंत्रित करावे, असे सुचविले; परंतु जर्मन फुटबॉल संघटनेने ते मान्य केले नाही. तत्पूर्वीच, त्याच वर्षी फेब्रुवारीत, फुक्सचे माँट्रिऑल येथे निधन झाले होते. पुढे २००५ मध्ये या संघटनेने हिर्शच्या नावे पुरस्कार सुरू केला.

१९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्येही सांत्वन स्पर्धा झाली. तिचा नेदर्लंड्स–चिली हा अंतिम सामना २–२ असा बरोबरीत सुटला. चिठ्ठ्या टाकून निर्णय नेदर्लंड्सच्या बाजूने लागला, तथापि चषक पाहुण्या चिलीला देण्यात आला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मात्र अशी सोय नव्हती. तेथे बहुतांशी अनवाणी खेळलेला भारतीय संघ फ्रान्सकडून १–२ असा निसटता पराभूत झाला आणि त्याची स्पर्धा एकाच सामन्यात संपली.

राष्ट्रीय चषक : देशांतर्गत फुटबॉलमध्येही हा प्रकार रूढ झाला. फ्रान्समध्ये १९१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय चषकातून लवकर बाद झालेल्या व्यावसायिक संघांसाठी १९५३ ते १९६५ या काळात शार्ल द्रागो चषक स्पर्धा घेण्यात येई. मार्सेने १९५७ मध्ये, तर लांस या संघाने १९५९ व १९६० अशी लागोपाठ दोन वर्षे ती जिंकली. स्पेनमध्ये १९९३ मध्ये पुनरुज्जीवित झालेल्या फेडरेशन चषकात खालच्या श्रेणीतील संघांबरोबर राजचषकाच्या पहिल्या फेरीत हरलेल्या संघांनाही प्रवेश असे. २०१९ पासून हा क्रम उलटला व फेडरेशन चषकाच्या उपांत्य फेरीतील संघांना राजचषकात प्रवेश मिळू लागला.

गटवार साखळी पद्धतीचा प्रसार झाल्यावर प्रत्येक संघाला किमान दोन-तीन सामने मिळू लागले व अशा स्पर्धांची गरज कमी झाली. विजेत्याला पुढील संधी किंवा प्रवेश मिळत असेल, तरच ही स्पर्धा खेळाडू व प्रेक्षक गांभीर्याने घेतात, असे स्पेनच्या उदाहरणावरून दिसते. केवळ सांत्वनावर ती फार काळ टिकत नाही.