एका ढिगाची दोन उत्तरं

१९५० साली अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, लोणीजवळ प्रवरेकाठच्या शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना उभा केला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ ही नावं त्यामुळे आपल्याला माहीत असतात. पण साखर कारखान्याच्या आवारात दिसणाऱ्या बगॅसच्या ढिगालाही एक इतिहास आहे, आणि तो गणिताचा आहे.

बगॅस म्हणजे रस काढून उरलेलं उसाचं चिपाड. बॉयलरला लागेल तेवढं जाळतात, बाकीचं रचून ठेवतात. ताज्या बगॅसमध्ये जवळपास निम्मं पाणी असतं, थोडी साखरही उरलेली असते. त्यावर जिवाणू वाढतात, ऊब तयार होते. पुढे हवेतल्या ऑक्सिजनशी संथ प्रक्रिया सुरू होते आणि कुणी काडी न लावताही ढीग पेटू शकतो.

मग ढीग किती मोठा चालेल?

१९३९ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ फ्रँक-कामेनेत्स्की यांनी आपोआप होणाऱ्या स्फोटांसाठी एक समीकरण मांडलं. पुढे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी याच विचाराने बगॅसचे ढीग तपासले. आपल्याला ढिगाच्या फक्त कडा माहीत असतात: तिथलं तापमान बाहेरच्या हवेइतकं. आतलं तापमान समीकरणातून शोधायचं. अशा गणिताला सीमामूल्य प्रश्न म्हणतात.

शाळेतल्या गणिताला बहुतेकदा एकच उत्तर असतं. इथे तसं नाही. तापमान वाढलं की प्रक्रियेचा वेग झपाट्याने वाढतो, म्हणून समीकरण अरेषीय होतं. सपाट थरासारख्या ढिगाला दोन उत्तरं मिळतात. एक कोमट आणि टिकणारं: तयार होणारी उष्णता कडेने निघून जाते. दुसरं जास्त तापलेलं आणि डळमळीत: त्याच्या जरा पुढे गेलं की आग. रोमानियाचे गणिती ब्रातू यांना अशा समीकरणाची ही दोन उत्तरं १९१४ मध्येच सापडली होती. १९५९ मध्ये गेलफांड यांनी दाखवलं, की गोल आकारात एका ठरावीक आकड्याला अनंत उत्तरं निघतात.

खरी गंमत पुढे आहे. ढीग वाढत गेला की ती दोन उत्तरं एकमेकांजवळ सरकतात. सपाट थरासाठी ०.८७८ या आकड्याला ती एकच होतात. त्यापुढे उत्तरच उरत नाही. म्हणजे ढिगाला स्थिर राहता येईल असं तापमानच नसतं.

हा आकडा जाडीच्या वर्गाने वाढतो. जाडी दुप्पट केली तर तो चौपट होतो. काल शांत असलेल्या ढिगावर आज आणखी थोडं रचलं, तर बाहेरून फारसा फरक दिसणार नाही. आत मात्र हिशोब संपलेला असू शकतो.

म्हणून ढिगाची उंची ठरवणं, आतलं तापमान मोजत राहणं ही कागदी शिस्त नाही. तिथे काम करणाऱ्या माणसांचा जीव त्यावर अवलंबून असतो.