सत्तर अधिक तीस : बारावीच्या जीवशास्त्राच्या गुणांचा मागोवा

बारावीच्या गुणपत्रिकेवर जीवशास्त्रासमोर शंभरपैकी एक आकडा छापलेला असतो. त्यामागे ७० गुणांची लेखी परीक्षा आणि ३० गुणांचे प्रात्यक्षिक असते. एकूण टक्केवारी ७५च्या वर गेली की विशेष प्रावीण्य, ६०च्या वर प्रथम श्रेणी, ४५च्या वर द्वितीय श्रेणी आणि ३५ला उत्तीर्ण. घरोघरी हा आकडा अटळ सत्यासारखा स्वीकारला जातो. पण तो माणसांनी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांपोटी घडवला आहे. परीक्षकाच्या मर्जीला लगाम घालण्याच्या दीड शतकाच्या प्रयत्नांतून तो तयार झाला. तो लगाम हवाच होता. मात्र तो आवळताना जीवशास्त्राचे खरे काम, म्हणजे डोळ्यांनी पाहणे आणि पाहिलेले मांडणे, मागे पडत गेले.

सुरुवात मुंबई विद्यापीठापासून करावी लागते. १८५७ साली हे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. शिकवायचे महाविद्यालयांनी आणि परीक्षा घ्यायची विद्यापीठाने, अशी त्याची रचना होती. १८५९मध्ये पहिली मॅट्रिक झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्याच तुकडीत उत्तीर्ण झाले. ज्याने मुलाला कधी पाहिले नाही अशा परीक्षकाने केवळ कागदावरून त्याचे ज्ञान जोखायचे, ही रीत आपल्याकडे तेव्हा रुजली. तिच्यात न्याय होता, कारण ओळखपाळख, जात, घराणे यांना कागदावर जागा नव्हती. पण जे कागदावर उतरत नाही त्यालाही जागा उरली नाही.

जीवशास्त्राला हीच अडचण सर्वांत जास्त होती. इंग्लंडमध्ये विज्ञानाच्या परीक्षा घेणारे थॉमस हेन्री हक्सली यांना दिसले, की मुले पुस्तक पाठ करून उत्तरे लिहितात, प्रत्यक्ष जीव मात्र पाहिलेला नसतो. १८७१च्या उन्हाळ्यात त्यांनी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात शाळामास्तरांसाठी प्रयोगशाळेतला वर्ग चालवला. हेन्री मार्टिन यांच्यासोबत लिहिलेले प्रात्यक्षिकांचे पुस्तक १८७५मध्ये आले. त्यात यीस्ट, अमीबा, नेचे, घेवडावर्गातले झाड, हायड्रा, क्रेफिश, बेडूक असे मोजके जीव निवडले होते. प्रत्येक जीव एका मोठ्या गटाचा प्रतिनिधी. विद्यार्थ्याने तो हाताळायचा, चिरायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि त्याची आकृती काढायची. वनस्पती आणि प्राणी एकाच शास्त्राचे दोन भाग म्हणून शिकवायचे, हाही त्यांचा आग्रह होता.

आपल्या प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेले बेडूक आणि झुरळाचे विच्छेदन, स्लाइड ओळखण्याचे स्पॉटिंग, सर्टिफाय करून घ्यायची जर्नल, बाहेरून येणारे एक्सटर्नल आणि त्यांची व्हायवा हे सगळे याच परंपरेतले. वैद्यकीयचे स्वप्न पाहणाऱ्या मुलांसाठी इंटर सायन्सचा बी ग्रुप म्हणजे याच गोष्टींची कसोटी होती. पुढे १०+२ रचना आली आणि ही कसोटी बारावीच्या रूपाने महाराष्ट्र राज्य मंडळाकडे गेली. ते मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आले होते. मंडळाच्या परीक्षेत मात्र हक्सलींची एक अपेक्षा बरीच वर्षे अपुरी राहिली. वनस्पतिशास्त्राची आणि प्राणिशास्त्राची उत्तरे वेगवेगळ्या उत्तरपत्रिकांत लिहायची, अशी पद्धत होती. सलग एकच प्रश्नपत्रिका अलीकडच्या अभ्यासक्रमात आली.

दुसरा धागा विश्वासार्हतेचा. अर्थशास्त्रज्ञ फ्रान्सिस एजवर्थ यांनी १८८८मध्येच दाखवले होते, की परीक्षेच्या गुणांत योगायोगाचा मोठा वाटा असतो. त्यावर शिक्कामोर्तब केले सर फिलिप हार्टोग यांनी. ढाका विद्यापीठाचे हे पहिले कुलगुरू. १९३५मध्ये त्यांनी एडमंड र्‍होड्स यांच्यासोबत एका तपासणीचे निष्कर्ष मांडले. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १५ परीक्षकांना दिल्या आणि वर्ष उलटून गेल्यावर त्यांतल्या १४ जणांना त्याच पुन्हा तपासायला सांगितले. २१० निर्णयांपैकी ९२ वेळा त्याच परीक्षकाने त्याच पेपरबद्दलचा निकाल बदलला. नापास, पास आणि त्याहून वरची श्रेणी यांच्या सीमा त्याच्याच हातून सरकल्या. मुलाने लिहिलेले एक अक्षरही बदलले नव्हते.

भारतात हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर ऐरणीवर आला. राधाकृष्णन आयोगाने १९४९मध्ये म्हटले, की विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची असेल. मुदलियार आयोगाने शालेय परीक्षांबद्दल हीच काळजी व्यक्त केली. पुढे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम भारतात आले आणि १९५८मध्ये परीक्षा सुधारण्यासाठी केंद्रीय घटक स्थापन झाला. बी.एड. केलेल्या प्रत्येक शिक्षकाच्या तोंडी असलेली ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य ही चौकट त्याच विचारातून आली. प्रश्नपत्रिका काढण्यापूर्वी संविधान तक्ता करायचा, कोणत्या घटकाला किती भार ते आधी ठरवायचे, हेही त्यातलेच.

आजची ७० गुणांची प्रश्नपत्रिका हा त्याचा परिपाक. बहुपर्यायी प्रश्नांना १० गुण, एका वाक्यातल्या उत्तरांना ८, दोन गुणांचे आठ प्रश्न, तीन गुणांचे आठ आणि चार गुणांचे तीन. मोठे उत्तर एका नजरेत जोखण्याऐवजी ते मुद्द्यांत मोडले जाते. हृदयाच्या छेदाची आकृती आली, की आकृतीला किती आणि नावांना किती हे आदर्श उत्तरपत्रिकेत ठरलेले असते. परीक्षकाने तपासलेल्या गठ्ठ्यातले काही पेपर नियामक पुन्हा पाहतात, त्यांच्यावर मुख्य नियामक असतात. हार्टोग यांनी दाखवलेली तफावत या उतरंडीने खूप आटोक्यात आणली, आणि त्याचे श्रेय उन्हाळ्याच्या तोंडावर गठ्ठे उपसणाऱ्या हजारो शिक्षकांना द्यायला हवे.

तपासलेला पेपर विद्यार्थ्याला दाखवायचा का, हा लढा न्यायालयात गेला. १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र मंडळाच्याच खटल्यात निर्णय दिला, की उत्तरपत्रिका पाहण्याचा किंवा फेरतपासणीचा हक्क विद्यार्थ्याला नाही. गुणांची पडताळणी पुरेशी मानली गेली. माहिती अधिकाराचा कायदा आल्यावर चित्र पालटले. केंद्रीय मंडळाच्या खटल्यात ऑगस्ट २०११मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले, की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि ती पाहण्याचा विद्यार्थ्याला हक्क आहे. दोन निर्णयांमध्ये २७ वर्षे गेली. आज महाराष्ट्रात छायाप्रत मागता येते आणि तिच्या आधारे पुनर्मूल्यांकनाचा अर्जही करता येतो.

दरम्यान लगाम पुरता आवळला गेला. नीटमध्ये ७२०पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात. बरोबर उत्तराला चार, चुकीच्या उत्तराला उणे एक. तपासणारा माणूसच नाही, त्यामुळे मर्जीचा प्रश्नच मिटला. वैद्यकीय प्रवेशासाठी बारावीचे गुण पात्रतेपुरते उरले. याचा परिणाम प्रात्यक्षिकावर झालेला सगळ्यांनाच माहीत आहे. ३० गुण सढळ हाताने दिले जातात, मित्राची जर्नल उतरवून काढली जाते, स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याऐवजी लेबलावरून लक्षात ठेवली जाते. विच्छेदने थांबली ती योग्य कारणासाठी, प्राण्यांची हेळसांड थांबावी म्हणून. पण त्यांच्या जागी निरीक्षणाची दुसरी कसोटी तेवढ्याच गांभीर्याने आली नाही.

२०२१मध्ये कोरोनामुळे बारावीची परीक्षा रद्द झाली. दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीच्या वर्षातले ४० टक्के असे सूत्र लावून गुण दिले गेले आणि राज्याचा निकाल ९९.६३ टक्के लागला. त्या संकटात दुसरा मार्ग नव्हता. पण शाळेनेच दिलेल्या गुणांवर विसंबायची वेळ आली, की ते गुण किती प्रामाणिकपणे दिले जातात हाच कळीचा प्रश्न होतो, हे त्या वर्षी लख्ख दिसले.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. लेखी ७० गुणांची तपासणी दीड शतकाच्या कष्टांनी बरीच न्याय्य झाली आहे. आता काम बाकी आहे ते उरलेल्या ३० गुणांचे. प्रत्येक मुलाच्या हाती पान, फूल, कांद्याची साल द्यावी, सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसले तेच त्याला काढायला लावावे आणि त्या आकृतीला तिच्या लायकीचे गुण द्यावेत, मग ते ३० असोत वा १४. शिक्षकांनी हे धैर्य दाखवावे आणि पालकांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे. आणि विद्यार्थ्यांनो, निकालाबद्दल शंका असेल तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत जरूर मागवा. तुमच्या आधीच्या कित्येक तुकड्यांना हा हक्क नव्हता.