वाटेच्या पोथ्या

औंढा नागनाथाच्या देवळासमोर एका पाहुण्यांनी मला विचारले, "मास्तर, इथे पाहण्यासारखे आणखी काय आहे?" त्यांच्या हातात छापील प्रवासपुस्तक होते. त्यात औंढ्याला चार ओळी होत्या; नरसीचे नावही नव्हते. ज्या मुलखात मी वर्षानुवर्षे इतिहास शिकवला, त्याविषयी मला दोन वाक्ये धड सांगता आली नाहीत. घरी आलो तो मनात खजील होऊन.

तेव्हापासून मराठीतल्या जुन्या वाटेच्या पोथ्या मी नव्याने उघडल्या. त्यांतली सर्वांत नवलाची महानुभावांची 'स्थानपोथी'. तेराव्या शतकात श्रीचक्रधर पैठण, वेरूळ, ऋद्धिपूर असे गावोगाव हिंडले. ते निघून गेल्यावर, ते जिथे बसले, जिथे राहिले, ती स्थाने अनुयायांना वंदावयाची होती. पण माणसे थकतात, भिंती पडतात. म्हणून पोथीकाराने गावागणिक देवळे, मठ आणि दारांच्या दिशा नोंदून ठेवल्या. सृष्टिसौंदर्याचे वर्णन करण्याची त्याला गरज वाटली नाही. न पाहिलेल्या माणसाचे पाऊल नेमक्या जागी पडावे, एवढीच त्याची चिंता. यादवकाळच्या अभ्यासकांना आज तीच पोथी उपयोगी पडते.

आमच्या कयाधूकाठची नरसी ही नामदेवांची (१२७०–१३५०) जन्मभूमी मानली जाते. त्यांच्या नावाने चालत आलेल्या 'तीर्थावळी'च्या अभंगांत ज्ञानदेवांसह केलेली उत्तरेकडची यात्रा आहे. पण मन सारखे पंढरीकडे ओढ घेते. पुढे त्यांचे नाव पंजाबात घुमानपर्यंत पोचले आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात गेली. एवढ्या लांबच्या वाटेचे एक टोक आमच्या नदीकाठी आहे, हे आमच्याच मुलांना सांगावे लागते!

तिसरे पुस्तक वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. घरच्या ओढगस्तीमुळे, मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने ते १८५७ साली निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. परतताना आईबापांसाठी गंगेची कावड मात्र खांद्यावर आणली. चिंतामणराव वैद्यांनी हे पुस्तक १९०७ साली फेरफार करून छापले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम प्रत दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केली. भटजींची खरी भाषा वाचकांपर्यंत पोचायला इतकी वर्षे लागली.

या तिन्हींत 'पाहण्यासारखे काय' हा प्रश्नच नाही. इथे कोण आले होते, कुठे बसले, काय सोसले, एवढेच ते सांगतात. गावाचे मोल त्यातूनच कळते.

औंढ्याला तर दिशेचीच कथा आहे. नामदेवांना कीर्तनासाठी मागे जायला सांगितले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, असे लोक सांगतात. स्थानपोथीकाराने ऐकली असती तर दाराची दिशा लिहिताना त्याची लेखणी क्षणभर अडली असती!

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. वाटा त्याहून कितीतरी जुन्या. गेल्या वर्षी मी वर्गातल्या मुलांना आपापल्या गावाची स्थानपोथी लिहायला सांगितली. कुणी वेस लिहिली, कुणी पिंपळाचा पार. एका मुलीने तिच्या आजीच्या माहेरची विहीर लिहिली : दगडी पायऱ्या, तोंड उत्तरेला. मी म्हणालो, "चल, दाखव." ती म्हणाली, "सर, ती कधीच बुजवली. आजीला विचारून लिहिली."

तिची वही मी परत दिली नाही, जपून ठेवली आहे.