संशयित ताऱ्याची उलटतपासणी

दिवाळीच्या दिवसांत रात्री ईशान्येकडे पाहिले, तर शर्मिष्ठेच्या खाली ययाती हा तारकासमूह दिसतो. त्यातच अल्गोल हा तारा आहे. अरबी भाषेतून आलेल्या या नावात राक्षस दडला आहे. त्याचे तेज बदलते, असे इटलीच्या मोंतानारीने सतराव्या शतकातच नोंदविले होते; पण तो बदल नियमित आहे की काय, हे शंभर वर्षे कोणी कसून पाहिले नाही.

ते काम केले इंग्लंडातील यॉर्क गावच्या जॉन गुडरिक या मुलाने. लहानपणीच त्याची श्रवणशक्ती गेली होती. १२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री अल्गोल मंद झालेला त्याला दिसला, तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता. त्याने प्रथम संशय घेतला तो स्वतःच्या डोळ्यांवर आणि हवेवर!

मग सत्य ठरवायचे कसे? एकट्या ताऱ्याचे तेज किती, हे डोळ्यांना नेमके सांगता येत नाही. पण शेजारच्या दोघांत उजळ कोण, हे मात्र चांगले ओळखता येते. धुके आले तर आसपासचे सगळेच तारे फिके पडतील. एकच फिका पडला, तर बदल त्याचाच. म्हणून गुडरिक आणि त्याचा शेजारी व नातलग एडवर्ड पिगट अल्गोलला सोबतच्या ताऱ्यांशी ताडून पाहू लागले. कधी ढग आड येत, कधी तेज उतरण्याची वेळ भरदिवसा येई. तरी त्यांनी नेट सोडला नाही.

मे १७८३ मध्ये गुडरिकने रॉयल सोसायटीपुढे हिशेब मांडला : दर २ दिवस, २० तास, ४५ मिनिटांनी हा तारा मंदावतो. आजचा आकडा त्याहून केवळ चार मिनिटांनी अधिक आहे! एखादा काळोखा गोल ताऱ्याआड येत असावा, असा तर्कही त्याने केला. त्याच वर्षी त्याला कोप्ली पदक मिळाले. १७८६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो वारला.

त्याच्या तर्काची खातरजमा १८८९ मध्ये जर्मनीच्या फोगेलने वर्णपटाच्या साहाय्याने केली. एक मंद सोबती अल्गोलला ग्रहण लावतो आणि त्याचा सुमारे दोन-तृतीयांश प्रकाश तेवढ्यापुरता हरवतो. हे ग्रहण आजही दुर्बिणीवाचून दिसते. वाचकहो, गच्चीवर जाऊन अल्गोलला शेजाऱ्यांशी ताडून पाहा आणि वेळ टिपून ठेवा. गुडरिकने याहून वेगळे काही केले नव्हते. फक्त ते पुन्हा पुन्हा केले.