वाँटेड लेव्हल
ओपन वर्ल्ड (मुक्त संचाराच्या) व्हिडिओ गेममध्ये खेळाडूचा गुन्हा मोजून शिक्षा ठरवणारी यंत्रणा. ‘जीटीए : व्हाइस सिटी’त (२००२) पडद्याच्या कोपऱ्यात चांदण्या उजळत जातात. पहिलीला पोलीस मागे लागतात, सहावीला थेट लष्कराचे रणगाडे! पकडला गेला तर शस्त्रे जप्त होतात, पण खेळाडू लगेच ठाण्याबाहेर मोकळा. इतकी स्वस्त सुटका हा या पद्धतीचा मोठा दोष.

‘स्कायरिम’ (२०११) अधिक विचारी. नऊ परगण्यांत गुन्ह्यांचा हिशेब वेगवेगळा. दंड भरा नाहीतर कोठडीत जा. कैद भोगली की कमावलेल्या कौशल्याची प्रगती घटते.

‘किंगडम कम : डिलिव्हरन्स २’मध्ये (२०२५) गुन्हेगाराला चव्हाट्यावर खोड्यात अडकवतात, डागण्याही देतात.