आजारीपणाची रजा आणि पहिले तीन दिवस

महाविद्यालयातील एखाद्या कारकुनास वा प्राध्यापकास ताप-खोकला आला तर त्याने कामावर यावे की घरी राहावे, हा प्रश्न इतिहासाच्या व्याख्यानात कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु तो ज्या अर्जावर सही करतो आणि त्याच्याकडे ज्या दाखल्याची मागणी होते, त्या दोहोंमागे मोठा इतिहास आहे. 'रजा' हा शब्दच पाहा. तो अरबीतून आपल्याकडे आला, आणि त्याचा मूळ अर्थ संमती, राजीखुशी असा आहे. धन्याच्या राजीखुशीची ही गोष्ट नोकराचा हक्क कशी झाली, आणि हक्क झाल्यावरही तिच्यात एक जुनी शंका कशी उरली, हे आम्हांस आज पाहावयाचे आहे.

आरंभ जर्मनीपासून करू. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख याने बर्लिन येथे क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. पुढल्याच वर्षी, १५ जून १८८३ रोजी, त्याच देशात कामगारांच्या आजारविम्याचा कायदा झाला. बिस्मार्कला कामगारांचा पुळका होता असे नव्हे. त्यांनी समाजवाद्यांच्या मागे जाऊ नये, हा त्याचा हिशेब होता. या कायद्याने आजारी कामगारास निम्मी मजुरी तेरा आठवड्यांपर्यंत मिळू लागली. वर्गणीचे दोन वाटे कामगाराने भरावयाचे आणि एक मालकाने. परंतु हा पैसा मिळे तो आजारी पडल्याच्या दिवसानंतर तिसऱ्या दिवसापासून. कारण उघड आहे. पहिल्या दिवसापासून पैसे दिले तर डोके दुखल्याचे निमित्त करून लोक घरी बसतील, ही धास्ती. एकाच शहरात एक शास्त्रज्ञ सांगत होता की रोग माणसाकडून माणसाकडे जातो, आणि कायदा करणारे विचार करीत होते तो केवळ लबाडी कशी रोखावी याचा. या दोन विचारांची गाठ पडली नाही.

आपल्याकडे विम्याचा कायदा होण्यास आणखी पासष्ट वर्षे लागली. तत्पूर्वी दोन साथींनी दोन धडे दिले. पहिला १८९७ सालचा, पुण्याचा. प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँडसाहेबाच्या हाताखालील गोरे सोजीर घरोघर शिरून झडत्या घेऊ लागले. रोगी सापडला की त्याची रवानगी इस्पितळात आणि घरच्यांची छावणीत. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु आजच्या विषयापुरता धडा निराळा आहे. आजार सांगणे ही जेथे शिक्षा होते, तेथे आजार लपतो.

दुसरा धडा १९१८ सालचा. जून महिन्यात इन्फ्लुएंझा मुंबईच्या गोद्यांतून शहरात शिरला आणि पेढ्या, कचेऱ्या, गिरण्या यांतून पसरला. पावसाळ्याच्या अखेरीस दुसरी लाट आली ती भयंकर होती. ६ ऑक्टोबर या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसे दगावली. सबंध हिंदुस्थानातील बळी बेताच्या अंदाजानेही एक कोटी वीस लाखांच्या घरात जातात. आणि गिरणीत खाडा म्हणजे मजुरी बुडाली, असा व्यवहार होता. अंगात ताप असताना साच्यावर उभा राहणारा कामगार अडाणी होता म्हणून उभा नव्हता. संध्याकाळच्या भाकरीसाठी उभा होता.

इंग्रजी अमदानीपासून चालत आलेल्या सरकारी नोकरीच्या नियमांत मात्र एक विलक्षण कलम होते : क्वारंटाइन रजा. घरात देवी, प्लेग यांसारखा सांसर्गिक रोग निघाला आणि त्यामुळे कचेरीत येऊ नये असा हुकूम झाला, तर एकवीस दिवसांपर्यंत, अपवाद म्हणून तीस दिवसांपर्यंत, पगारी गैरहजेरी मिळे आणि ती कामावरची हजेरीच धरली जाई. म्हणजे धडधाकट माणसास घरी बसविण्यासाठी सरकार पगार मोजी. का? तर त्याची रजा त्याच्यासाठी नव्हती. शेजारच्या टेबलावरील माणसासाठी होती. परंतु हे शहाणपण ठरावीक रोगांपुरते राहिले. सर्दी-पडशास त्यात स्थान नव्हते.

कामगारांसाठीची योजना प्रा. बी. पी. अदारकर यांनी १९४४ साली आपल्या अहवालात मांडली. त्या काळी मध्यवर्ती सरकारात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४८ साली कर्मचारी राज्य विम्याचा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंनी कानपूर येथे योजनेचे उद्घाटन केले. आज तिच्यात आजारपणी ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षयासारख्या दीर्घ रोगांसाठी वेगळी वाढीव तरतूदही आहे. हे मोठेच काम झाले. परंतु एरवी आजाराच्या पहिल्या दोन दिवसांचा पैसा येथेही मिळत नाही. बिस्मार्कच्या काळची शंका कानपूरपर्यंत आली, ती अशी.

येथेच आमचा मुख्य मुद्दा आहे. इन्फ्लुएंझाचा रोगी लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून इतरांस बाधा देऊ लागतो, आणि पहिल्या तीन-चार दिवसांत ती सर्वांत अधिक देतो. म्हणजे लबाडीच्या भीतीने ज्या दिवसांचे पैसे कापावयाचे, नेमके तेच दिवस रोग पसरण्याचे! जर्मन कामगारांनी हे दिवस लढून मिळविले. श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतातील धातुकामगार ऑक्टोबर १९५६ पासून सोळा आठवडे संपावर होते ते याच मागणीसाठी. आणि १९७० पासून तेथे आजाराच्या पहिल्या दिवसापासून सहा आठवडे पूर्ण वेतन हा कामगारांचा हक्क झाला. ब्रिटनने मार्च २०२० मध्ये करोनाच्या रोग्यांपुरती तीन दिवस थांबण्याची अट बाजूस ठेवली. आपल्या केंद्र सरकारनेही जून २०२१ मध्ये, घरातील अवलंबित माणसास करोना झाल्यास नोकरास पंधरा दिवसांची विशेष नैमित्तिक रजा देऊ केली. जुनी क्वारंटाइन रजाच ती, नव्या नावाने आलेली. साथ दारात आली की शंका क्षणभर मागे सरते. साथ ओसरली की पुन्हा पुढे येते.

आता महाविद्यालयाकडे वळू. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी पुण्यातील शाळा-महाविद्यालये बंद ठेवावी लागली. एरवी मात्र खोकत खोकत तास घेणारा प्राध्यापक कर्तव्यदक्ष म्हणून गौरविला जातो. कायम नोकरीतल्या माणसाने घरी राहावे, हा उपदेश सोपा आहे. परंतु तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्यास घेतलेल्या तासाचेच मानधन मिळते. त्याचा तास बुडाला की पैसा बुडाला. १९१८ चा गिरणी कामगार आणि तो, यांच्यात या एका बाबतीत अंतर किती? सूचनाफलकावर 'ताप असल्यास येऊ नये' असे लिहावयाचे आणि न येणाऱ्याचे पैसे कापावयाचे, हा उपदेश नव्हे, थट्टा होय.

म्हणून संस्थाचालकांनी थोडक्यात एवढे करावे. पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी डॉक्टरच्या दाखल्याचा आग्रह धरू नये. औषध न घेता ताप उतरून पुरता एक दिवस लोटेपर्यंत कोणास कामावर बोलावू नये. त्यानंतरही काही दिवस मुखपट्टी असावी आणि वर्गाच्या खिडक्या उघड्या असाव्यात. गैरहजर माणसाचे काम कोण करील, हे आधीच ठरवून ठेवावे. आणि तासिकेवरील शिक्षकास वर्षातून काही दिवस तरी आजारपणाचे मानधन द्यावे. चार लबाड लोक त्याचा फायदा घेतील, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या चौघांच्या लबाडीपायी होणारा खर्च आणि एका प्रामाणिक रोग्याने भरल्या वर्गात वाटलेला ताप, यांत महाग कोणते पडते, हे १८९७ आणि १९१८ या दोन सालांनी या प्रांतास पुरेसे शिकविले आहे.